आँ? काय सांगता!

मागच्या अंकात एका वाचकाच्या इंग्लिश पत्रातल्या चुका दाखवताना मी सहज एक ओळ लिहून गेले की "सरप्राईज म्हणजे धक्का नव्हे आणि शॉक म्हणजे आश्चर्य नव्हे", आणि ती एक ओळ तुम्ही लोकांनी अशी काय धरून ठेवलीत की या महिन्यात टेबलावर दुसऱ्या विषयाचं पत्रच नाही. सगळ्यांना धक्का, आश्चर्य, बापरे आणि अय्या यांचंच इंग्लिश पाहिजे. मग म्हटलं चला, या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकू. काही पत्रं कापलीत, काही उत्तरं लांबलीत, चालवून घ्या, ३२ वर्षं मराठी शाळेत इंग्लिश शिकवलेल्या बाईला थांबवायला आता घंटा वाजत नाही.

प्रश्न: बाई नमस्कार. माझ्या मुलाला जर्मनीत नोकरी लागली. तिथल्या त्याच्या साहेबांनी आम्हा दोघांना छान मेल पाठवला, अभिनंदन वगैरे. मी स्वतः उत्तर लिहिलं की बातमी ऐकून आम्हाला "प्लेझंट शॉक" बसला. मुलाने ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. एवढं काय चुकलं हो? सुखद धक्क्याला मग म्हणायचं काय? — एक आई, मिरज

उत्तर: मुलाला सांगा, आधी आईशी बोल, इंग्लिश नंतर बघू. साहेब वाचून गालात हसला असेल फार तर, नोकरी काढून घेत नाहीत त्यावरून.

चूक म्हणाल तर अशी आहे, मराठीत "सुखद धक्का" इतका वापरून झालाय की त्यातला धक्का आता कुणाला लागतच नाही, बक्षीस मिळालं सुखद धक्का, जावई वेळेवर आले सुखद धक्का. इंग्लिशमधला शॉक अजून तसा झिजलेला नाही, तो कानावर पडला की ऐकणारा आधी विचारतो काय वाईट झालं. तुम्हाला पाहिजे होतं ते "प्लेझंट सरप्राईज".

पण थांबा, इथेही एक खड्डा आहे. मुलाच्या साहेबाला "वुई वेअर सरप्राईज्ड" असं लिहिलंत तर त्याचा एक अर्थ असा निघतो की आम्हाला काही वाटलं नव्हतं हा दिवे लावेल म्हणून! अभिनंदनाच्या उत्तरात आश्चर्य नकोच. थ्रिल्ड लिहा, ओव्हरजॉइड लिहा, मुलगा लगेच जेवायला येतो की नाही बघा.

आणि सरप्राईज या शब्दाचं आपण मराठीत फारच लाड करून ठेवलेत. आपल्याकडे सरप्राईज म्हणजे केक, फुगे, दाराआडून बाहेर उड्या मारणारी माणसं. इंग्लिशमध्ये तो तसा गोड वगैरे काही नाही, लाईटबिल दुप्पट आलं तरी ते सरप्राईजच, फक्त नॅस्टी सरप्राईज. मुळात हा लढाईतला शब्द. फ्रेंचमध्ये सुरप्राँद्र म्हणजे अचानक येऊन पकडणे, गाठणे, आणि १५व्या शतकातल्या इंग्लिशमध्ये सरप्राईज म्हणजे चक्क छापा. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शाहिस्तेखानाला जे मिळालं ना, ते खऱ्या जुन्या अर्थाचं सरप्राईज. शॉकही तिथलाच, दोन सैन्यं समोरासमोर येऊन आदळली की तो शॉक. फरक तेव्हाच पडलेला आहे बघा, सरप्राईजमध्ये तुम्ही गाफील असता, शॉकमध्ये तुमच्यावर काहीतरी आदळतं. गाफील माणसाला कुणी हार घालेल, कुणी बोटं छाटेल, काहीही होऊ शकतं, म्हणून सरप्राईज दोन्हीकडे चालतं.

यावर एक किस्सा आहे, खोटाच आहे, पण डिक्शनरीवाल्या नोआ वेबस्टरच्या नावावर वर्षानुवर्षं खपतोय. बायकोने त्याला मोलकरणीच्या मिठीत पकडलं आणि म्हणाली "नोआ, आय अ‍ॅम सरप्राईज्ड!" तर हा पठ्ठ्या म्हणतो, "नाही गं, सरप्राईज्ड मी झालोय, तू अस्टॉनिश्ड झालीयेस." जुना अर्थ लक्षात ठेवायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला वर्गात कधी देता आलं नाही, कारण उघड आहे.

प्रश्न: मॅडम, क्लासमध्ये आम्हाला शिडी दिलीय. सगळ्यात खाली सरप्राईज्ड, मग अमेझ्ड, अस्टॉनिश्ड, अस्टाउंडेड, वर फ्लॅबरगास्टेड. पाठ केली तरी पेपरात कुठला कुठे टाकायचा कळत नाही. काही ट्रिक आहे का? — स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर: शिडी फेकून दे. म्हणजे पूर्ण खोटी आहे असं नाही, सरप्राईज्ड सगळ्यात सौम्य हे खरं आहे, पण बाकीचे शब्द काही एकाच भांड्यातलं कमीजास्त पाणी नाहीत. तू विचार असा कर की हा शब्द पडल्यावर माणसाच्या अंगाचं काय होतं, तोंड उघडं पडतं की रंग उडतो की पाय खिळतात, प्रत्येक शब्दाच्या पोटात एक चित्र आहे आणि गंमत म्हणजे त्यातली बरीचशी चित्रं आपल्या मराठीत जशीच्या तशी आहेत, म्हणून पाठ करायची गरजच नाही.

अस्टॉनिश, अस्टाउंड आणि स्टन हे तिघे भाऊ, लॅटिनमधल्या टोनारे म्हणजे गडगडणे यावरून आलेले. आकाश डोक्यावर गडाडलं आणि माणूस जागच्या जागी थिजला. आपण म्हणतो ना वीज कोसळल्यासारखं झालं, तेच ते, फक्त आपली वीज अजून दुःखाच्या बातमीलाच कोसळते आणि इंग्रजांचं गडगडणं घासून घासून इतकं गुळगुळीत झालं की आता बाजारात टोमॅटोचा भाव बघूनही ते अस्टॉनिश्ड होतात. स्टनमध्ये मात्र तो जुना दणका अजून आहे, स्टन गन म्हणतात ती उगाच नाही. थंडरस्ट्रक तर सरळसरळ वीज पडलेलाच.

अमेझचं चित्र वेगळं, इथे डोकं भांबावतं. भुलभुलैय्याला मेझ म्हणतात तो शब्द यातूनच निघाला. बिविल्डर्ड हा तर मला फार आवडतो कारण त्याला मराठीत इतका नेमका जोडीदार आहे की बस. विल्डर म्हणजे रानात नेऊन वाट चुकवणे, आणि आपल्याकडे रानात वाट चुकवतो कोण? चकवा! माझ्या आजोळी कोकणात शपथेवर सांगणारी माणसं होती की रात्रभर चाललो आणि पहाटे बघतो तर त्याच आंब्याखाली. त्या माणसाचा पहाटेचा चेहरा म्हणजे बिविल्डर्ड. त्याला आश्चर्य वाटलंय का? थोडं. पण मुख्य म्हणजे त्याला आपण कुठे आहोत तेच कळेनासं झालंय. सरकारी वेबसाईटवर फॉर्म भरताना तू जो होतोस तो हाच, अस्टॉनिश्ड नव्हे.

डंबफाउंडेड आणि स्पीचलेस म्हणजे अवाक्, वाचा गेलेला, संस्कृतातल्या वाचेला नुसता अ लावलाय. ब्रिटनमध्ये गॉबस्मॅक्ड म्हणतात, गॉब म्हणजे थोबाड आणि स्मॅक म्हणजे चापट, कुणीतरी थोबाडावर हाणल्यासारखा चेहरा, किंवा आपणच तोंडावर हात मारून घेतल्यासारखा. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडकडची बोली ती, मित्रांत मस्त, पेपरात लिहिलंस तर मार्क जातील.

आता एक गट असा आहे की तिथे आश्चर्य नावालाच, खरी भीती किंवा राग. अपॉल्ड म्हणजे पांढराफटक पडलेला, फ्रेंचमधून आलाय, पेल या शब्दाचा नातेवाईक, पण आज अपॉल्ड म्हटलं की त्यात "हे काय चाललंय, शोभतं का हे" असा निषेध असतोच. एसटी स्टँडवरचं संडास बघून माणूस अपॉल्ड होतो. पेट्रिफाईड म्हणजे भीतीने दगड झालेला, याला आनंदाच्या प्रसंगी अजिबात बोलावू नकोस. अगास्ट म्हणजे भीतीने हादरलेला, त्यात लिहिताना एच घालतात तो मुळात नव्हताच, घोस्टच्या स्पेलिंगची नक्कल करताना घुसला, म्हणजे भूत दिसल्यासारखं झालं हे स्पेलिंगलाच झालंय म्हण. स्टार्टल्ड म्हणजे दचकलेला, कुकरची शिट्टी झाली की मांजर होतं ते, क्षणाचं काम.

आणि आपला चकित म्हणशील तर तोही सरळ नाही बरं का. संस्कृतात चकित म्हणजे बिचकलेला, घाबरून थरथरणारा, मेघदूतातली चकितहरिणी ही आश्चर्यचकित नव्हे, बावरलेली. भीती हळूहळू ओसरली आणि मागे आश्चर्य राहिलं. विस्मय मात्र पहिल्यापासून हसरा, त्यात जे स्मित आहे तेच इंग्लिशच्या स्माईलमध्ये आहे, आणि लॅटिनमार्गे मिरॅकलमध्येपण, खूप मागे जाऊन सगळ्यांचं मूळ एकच.

पेपरासाठी एकच कामाची गोष्ट, व्हेरी सरप्राईज्ड चालतं, पण व्हेरी अस्टाउंडेड, व्हेरी फ्लॅबरगास्टेड हे कानाला खटकतं, कारण ते शब्द आधीच टोकाचे आहेत, "खूप अवाक् झालो" कुणी म्हणतं का. तिथे अ‍ॅब्सोल्युटली लाव.

प्रश्न: मी लेकीकडे न्यू जर्सीला आलेय सहा महिन्यांसाठी. शेजारीण अमेरिकन आहे, स्वभावाने बरी वाटली. गप्पांत मी तिला म्हटलं, माझं वय ७२ आणि मी अजून रोज १२ सूर्यनमस्कार घालते. तर ती डोळे मोठे करून म्हणाली "शट अप!" मी आले उठून. तेव्हापासून बोलत नाहीये. लेक म्हणते आई अगं ती कौतुकाने म्हणाली. लेक मला समजावण्यासाठी काहीही सांगते म्हणून तुम्हाला विचारतेय. — एक आजी, मूळ गाव चाळीसगाव

उत्तर: आजी, लेक खरं बोलतेय. उद्याच्या उद्या शेजारणीकडे जा आणि जाताना थालीपीठ न्या.

तुम्ही चाळीसगावला कुणा मैत्रिणीला हे १२ सूर्यनमस्कारांचं सांगितलं असतं तर ती काय म्हणाली असती? "गप गं!" किंवा "चल, काहीतरीच!" तुम्ही उठून गेला असतात का? नाही, उलट खुशीत अजून दोन वाढवून सांगितले असते. हे तेच आहे. विश्वास बसत नाही हे सांगायला समोरच्यालाच गप्प करायचं किंवा हाकलून द्यायचं ही रीत दोन्ही भाषांत आहे, आपण म्हणतो "हॅट्", "चल निघ", ते म्हणतात "गेट आउट!", "गेट आउट ऑफ हियर!" शब्दशः घेतलं तर घराबाहेर काढतायत, खरं तर खुर्ची पुढे ओढून म्हणतायत अजून सांग.

ओळखायचं सुरावरून. भांडणातलं शट अप तुटक असतं, दोन्ही शब्द दगडासारखे येऊन पडतात आणि भुवया खाली असतात. कौतुकातलं शट लांबतं, अप वर चढतं, भुवया कपाळात जातात. उत्तर द्यायचं असेल तर नुसतं हसून "आय नो!" म्हणा. हे अमेरिकेतलं झालं बरं, आणि बरोबरीच्या बायकांत. डॉक्टरांना किंवा एअरपोर्टवरच्या ऑफिसरला तुम्ही स्वतः म्हणून बघू नका. अशा मंडळींशी बोलायचं झालं तर "रिअली?" आणि "नो वे!" एवढ्यावर सहा महिने निघतात.

प्रश्न: सासूबाईंना जुलाब-उलट्यांनी एका दवाखान्यात नेलं होतं, तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं "पेशंट शॉकमध्ये आहे". झालं, बाहेर दोन्ही दिरांचं सुरू, आईला जमिनीच्या वाटणीचं सांगितलं कुणी, तिला धक्का बसलाच कसा, पार शिवीगाळीपर्यंत गेलं. नंतर कळलं की तसं काही नव्हतंच. सासूबाई आता घरी आहेत, ठणठणीत आहेत. पण हा शॉक कुठला? — एक सून, कोल्हापूर

उत्तर: सासूबाई घरी आल्या हे आधी वाचलं आणि मग उरलेलं पत्र, नाहीतर मलाही धस्स झालं असतं.

डॉक्टरांचा शॉक हा मनाचा नाही, रक्ताभिसरणाचा आहे. अंगातलं रक्त किंवा पाणी इतकं कमी होतं, किंवा हृदय नीट ढकलत नाही, किंवा इन्फेक्शन किंवा अ‍ॅलर्जीने शिरा सैल पडतात, की अवयवांपर्यंत पुरेसं रक्त पोचत नाही, सहसा बीपी पडतं, नाडी भराभर चालते, हातपाय गार आणि घामेजलेले होतात. जुलाब-उलट्यांत पाणी जाऊनही होतं, अपघातात रक्त जाऊन होतं. ही जिवावरची एमर्जन्सी आहे, त्यात वाटणीचा काही संबंध नाही. त्यामुळे कुणी शॉकमध्ये आहे असं ऐकलं की "कुणी काय सांगितलं" हे न विचारता "काय सुरू केलंय, आम्ही काय करायचं" हे विचारायचं.

तसं इंग्रज लोकही बोलताना घोळ घालतात, अपघात बघून सुन्न बसलेल्या माणसालाही ते इन शॉक म्हणतात. आणि तिसरा आपला रोजचा, गिझरचा शॉक, त्याला मराठीत आपण लागला पण म्हणतो, बसला पण म्हणतो, आमच्याकडे गावी तर करंट मारला म्हणतात. दिरांना सांगा, वाटणीचा कागद आईसमोर नीट बसून करा म्हणावं, म्हणजे कुठलाच बसणार नाही.

प्रश्न: बाई मी आठवीत आहे. ऑ हा शब्द एकच आहे तर ऑसम म्हणजे भारी आणि ऑफुल म्हणजे बेकार असं कसं? मी मित्राच्या चित्राला ऑफुल म्हणालो, मला वाटलं फुल आहे म्हणजे जास्त भारी. तो रागावला. — अमरावती

उत्तर: तुझं लॉजिक एकदम बरोबर होतं रे राजा, तू फक्त काही शतकं उशिरा जन्मलास. ऑ म्हणजे देवासमोर किंवा खवळलेल्या समुद्रासमोर वाटतो तो दरारा, आणि पूर्वी ऑफुल म्हणजे दरारा वाटावा असं भव्य, देवळाला पण म्हणायचे. मग दराऱ्यातली नुसती भीती उरली, भीतीतून वाईट, आणि वाईटातून बेकार. ऑसम मागे राहिला होता, त्याची गाडी गेल्या पन्नासेक वर्षांत उलट्या दिशेला सुटली. टेरिफिकचं पण तसंच, तो टेररमधला, भीती घालणारा, आणि आता म्हणजे काय तर एक नंबर.

आपण वेगळं काय करतो? तू म्हणतोसच की भयंकर भारी, खतरनाक बॅटिंग. जबरदस्त म्हणजे मुळात ज्याचा हात वरचढ तो, फारसीतून आलाय, जबरदस्ती त्याचीच बहीण, आणि आपण जबरदस्त म्हणून टाळ्या वाजवतो. आणि सगळ्यात मजा म्हणजे हॉरर, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ केस ताठ उभे राहणे, आणि संस्कृतात हर्ष या शब्दाच्या धातूचा अर्थही तोच, अंगावर काटा येणं. लांबचे चुलतभाऊ आहेत ते. तिकडे काटा भीतीने आला, इकडे आनंदाने. म्हणून शेवटच्या बॉलवरची मॅच रोमहर्षक आणि भुताचा पिक्चर हॉरर. मित्राला हे सगळं सांग आणि चित्राला एकदा ऑसम म्हण.

प्रश्न नव्हे, तक्रार: आपण मागे एकदा "टेकन अबॅक" याचा अर्थ "दचकून मागे सरकणे" असा दिलात. मी ३० वर्षं जहाजावर होतो. माणूस मागे सरकत नाही बाई, शीड सरकतं. — दापोली

उत्तर: कान पकडते. दापोलीकरांनी सोबत पेनाने चित्र काढून पाठवलंय, ते इथे छापता येत नाही म्हणून शब्दांत सांगते. शिडाच्या मोठ्या जहाजात वारा मागून किंवा बाजूने शिडात भरतो आणि जहाज पुढे जातं. वारा अचानक फिरला किंवा सुकाणूवरच्याचं लक्ष उडालं की तोच वारा समोरून शिडाच्या उलट्या बाजूवर बसतो, शीड डोलकाठीवर दाबलं जातं, आणि चालतं जहाज जागच्या जागी थबकतं, नशीब वाईट असेल तर काठी मोडते. याला म्हणायचे टेकन अबॅक. म्हणजे तुम्ही छान वेगात बोलत होतात आणि समोरच्याने असं काही म्हटलं की तुमच्या शिडातली हवाच गेली. विहिणीने हसत हसत "आमच्याकडे हे असं नसतं हं" म्हटल्यावर होतं ते. दचकणं नव्हेच, अडखळणं. दापोलीकर, पुढच्या वेळी चुका काढायला मिळाव्यात म्हणून मी समुद्रावरचा अजून एखादा शब्द मुद्दाम वापरणार आहे.

प्रश्न: मुलगी दिवसभर ओएमजी, ओएमजी करत असते, भाजीत मीठ कमी तरी ओएमजी. ही आजकालच्या पोरांची मोबाईलची भाषा, त्यात देवाचं नाव असं उठताबसता घ्यावं का? — एक बाबा, ठाणे

उत्तर: बाबा, मीठ घाला भाजीत. बाकी ही आजकालची भाषा नाही, इथे मात्र तुम्हाला सरप्राईज आहे. ब्रिटिश आरमाराचे निवृत्त अ‍ॅडमिरल लॉर्ड फिशर यांनी ९ सप्टेंबर १९१७ ला विन्स्टन चर्चिलना पत्र लिहिलं, त्यात नवा किताब निघणार असल्याची कुजबुज सांगताना ओ.एम.जी. असं लिहून पुढे कंसात ओ माय गॉड असा खुलासाही केलाय. ७६ वर्षांचे होते तेव्हा. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीने त्याला २०११ मध्ये जागा दिली आणि तेव्हाच हे पत्र सगळ्यांच्या तोंडी झालं. म्हणजे मुलीला दटावायचं असेल तर "आजोबांसारखी काय बोलतेस" असं म्हणा.

देवाच्या नावाचं म्हणाल तर हा प्रश्न तिकडेही जुना आहे. १६०६ साली इंग्लंडमध्ये कायदाच झाला होता की नाटकात रंगमंचावर देवाचं नाव टिंगलीत किंवा शपथेसारखं घेतलं तर १० पाउंड दंड, तेव्हाचे १० पाउंड म्हणजे चेष्टा नव्हती. पण चर्चची नाराजी असो की दंड, तोंडातून निघायचं ते निघतंच, मग लोकांनी नाव अर्धवट गिळायला सुरुवात केली. गॉडचं गॉश आणि गॉली झालं, जीझसचं जी आणि जीझ, क्राईस्टचं क्रायकी, आणि ब्लायमी म्हणजे "देव मला आंधळं करो" याचा चुरा. आज ब्लायमी म्हणणाऱ्या निम्म्या लोकांना आपण स्वतःला शाप देतोय हे माहितही नसेल.

आपण कुठे सुटलोय. च्यायला आणि च्यामारी बघा, सुरुवात कुणाच्या तरी आईवरूनच झाली होती, पण मालकाचं नाव गाळलं आणि शिवीची धार गेली, आता शाळेतले सरसुद्धा खडू मोडला की म्हणतात. आमचं कोकणातलं अरे देवा, वऱ्हाडातलं बाप्पा, पुण्याकडचं अगंबाई, सगळीकडे कुणाला तरी हाक मारायचीच असते, देवाला नाहीतर आईबापाला. बापरे म्हणताना आपण तरी वडिलांची परवानगी कुठे घेतो.

राहता राहिला वॉव, तो अमेरिकन सिरियलमधून आला असं बऱ्याच जणांनी लिहिलंय. नाही, तो स्कॉटिश आहे, १५१३ च्या लिखाणात सापडतो.

आता फुटकळ. सोलापूरहून विचारलंय "आय अ‍ॅम शॉकिंग" बरोबर का, तर त्याचा अर्थ मी इतका वाईट आहे की लोकांना धक्का बसतो, तसं म्हणायचं असेल तर बरोबर, नसेल तर शॉक्ड. ज्याला बसला तो एडवाला, ज्याने दिला तो आयएनजीवाला. वास्कोहून एकांना उच्चार पाहिजे, शॉक्डच्या शेवटी ड नाही, ट ऐकू येतो, शॉक्ट, आणि सरप्राईजमधला पहिला र बरेच जण गिळतात. लातूरहून, ऑफिसच्या मेलमध्ये "आय वॉज शॉक्ड टू सी युवर मेल" लिहावं का, नाही, समोरच्याला वाटतं आपण काहीतरी अश्लील पाठवलं, तिथे "आय वॉज सरप्राईज्ड" पण जरा टोचतं, सरळ विचारा हे असं कसं झालं.

शेवटचं पत्र पुण्याहून, एकच ओळ, "फ्लॅबरगास्टेड हा एवढा मोठा शब्द आला कुठून?"

कुठूनही नाही. १७७२ साली लंडनच्या एका वार्षिकात कुणीतरी नव्या शब्दांवर कुरकुर करणारा लेख लिहिला, त्यात हा पहिल्यांदा सापडतो, आणि शेजारी त्याच यादीत बोअर्ड हा शब्दही आहे, तोही तेव्हा नवाकोरा होता, लेखकाची तक्रार अशी की आता बघावं तेव्हा लोक सकाळपासून रात्रीपर्यंत फ्लॅबरगास्टेड आणि बोअर्डच असतात. फ्लॅबी आणि अगास्ट जोडून केला असेल असा एक अंदाज आहे, म्हणजे भीतीने थुलथुलीत हललेला, पण पुरावा कुणाकडेच नाही. अडीचशे वर्षं झाली, डिक्शनरीवाले त्याच्यासमोर आ वासून उभे आहेत.